चिंतेकडून चिंतनाकडे : जीवनातील ताणतणाव आणि समस्या-निराकरणाची पद्धती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा हिशेबाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत काय उभे राहिले, याची नोंद अशा वेळी कृतज्ञतेने घेतली जाते. मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, वसतिगृह, आरोग्य शिबिरे ही समाजाच्या दातृत्वाची दृश्य रूपे होत. शिबिरात रक्तदाब मोजला जातो, रक्तातील साखर तपासली जाते, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नावे लिहून घेतली जातात. परंतु त्याच रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या गृहस्थास तीन महिन्यांपासून रात्रीची झोप का नाही, हे कोणत्याही कागदावर नोंदले जात नाही. तोही ते सांगत नाही. ताप आला तर शेजारी विचारपूस करतात. कर्ज झाले तर माणूस शेजाऱ्याची नजर चुकवतो. व्यापारी समाजात पत हीच पुंजी मानली जाते, आणि पतीला धक्का लागेल या भयाने कित्येक घरांतील दुःख उंबऱ्याच्या आतच राहते.

या न सांगितलेल्या ओझ्याचा विचार करणे, हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे. त्याचे मध्यवर्ती सूत्र साधे आहे. ताण केवळ संकटामुळे येत नाही. संकटातून वाट दिसत नाही, म्हणून तो वाढतो. वाट शोधण्याची एक रीत आहे, आणि ती रीत शिकता येते.

आर्तध्यान आणि विचार

मनुष्य चिंतेत असतो तेव्हा त्याचे मन रिकामे नसते. ते अखंड चालू असते. म्हणूनच जैनाचार्यांनी चिंतेलाही ध्यानच म्हटले, हे त्यांच्या सूक्ष्म निरीक्षणाचे द्योतक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. त्यांपैकी आर्तध्यानाचे पुन्हा चार भेद आहेत. नको ते वाट्याला आले म्हणून होणारी तळमळ, हवे ते दुरावले म्हणून होणारा शोक, शारीरिक वेदनेचे सतत स्मरण आणि भविष्यातील भोगांची हाव. आजच्या मानसशास्त्रज्ञासमोर बसलेला बहुतेक प्रत्येक त्रस्त माणूस या चारांपैकी एखाद्या दारातून आत आलेला असतो.

आर्तध्यानाचे लक्षण असे की त्यात एकाग्रता असते, पण गती नसते. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी जागच्या जागीच असतो. रात्री तीन वाजता जागा झालेला माणूस तोच हप्ता, तोच अपमान, मुलाचा तोच निकाल पुन्हा पुन्हा मनात आणतो. पहाट होते, आणि त्याच्या हाती एकही नवी गोष्ट लागलेली नसते. याउलट धर्म्यध्यानात ‘अपायविचय’ नावाचा एक भेद आहे. जीव कोणत्या दोषांमुळे दुःखात अडकतो आणि त्यातून त्याची सुटका कशी होईल, याचे चिंतन त्यात अभिप्रेत आहे. त्याचे लक्ष्य आत्मकल्याणाचे आहे, दुकानाच्या हप्त्याचे नव्हे, हे विसरता कामा नये. तथापि तळमळणे वेगळे आणि कारण व उपाय यांचा शोध घेणे वेगळे, हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही, एवढे यावरून निश्चित दिसते.

पद्धतीचा उगम

हाच भेद विसाव्या शतकात मानसशास्त्राने उपचारासाठी वापरला. अमेरिकेतील स्टोनी ब्रूक येथील विद्यापीठात काम करणारे थॉमस डिझुरिला आणि मार्विन गोल्डफ्रीड या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दैनंदिन जीवनातील अडचणी सोडविणे हे एक कौशल्य आहे, आणि पोहणे किंवा हिशेब लिहिणे जसे शिकविता येते तसे तेही शिकविता येते, असा त्याचा आशय होता. पुढे आर्थर नेझू यांनी डिझुरिला यांच्यासह या विचाराला नैराश्यावरील उपचाराचे स्वरूप दिले. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी, म्हणजेच समस्या-निराकरण उपचारपद्धती, या नावाने ती आज ओळखली जाते. कर्करोगाच्या निदानाने खचलेल्या रुग्णांपासून घरातील आजाऱ्याची सेवा करून थकलेल्या नातलगांपर्यंत अनेकांसाठी तिचा उपयोग करून पाहण्यात आला आहे.

या पद्धतीत बालपणाचे उत्खनन फारसे होत नाही. आज कोणती अडचण आहे आणि तिच्याशी हा माणूस कसा वागतो आहे, येथून तिचा प्रारंभ होतो.

प्रथम दृष्टी

अडचणीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या पद्धतीत सांगितल्या आहेत. एका दृष्टीला अडचण म्हणजे आपल्या नालायकीचा पुरावा वाटतो. दुसरीला ती आयुष्याचा नित्याचा भाग वाटते. अडचणीशी वागण्याच्या रीती तीन. पहिली उतावळेपणाची : मनात येईल तो पहिला उपाय करून मोकळे होणे, जसे एक कर्ज फेडण्यासाठी सावकाराकडून दुसरे काढणे. दुसरी टाळाटाळीची : बँकेचे पत्र न फोडताच खणात ठेवून देणे. तिसरी विवेकाची. पहिल्या दोन रीतींनी तात्पुरते हलके वाटते आणि मूळ अडचण मात्र व्याजासह वाढते.

टाळाटाळीला आपल्या समाजात कधी कधी धर्माचे वस्त्र नेसविले जाते. “कर्माचे भोग आहेत, भोगलेच पाहिजेत,” असे म्हणून माणूस हात बांधून बसतो. हा कर्मसिद्धांताचा विपर्यास होय. उपासकदशांग या आगमग्रंथाच्या सातव्या अध्ययनातील सद्दालपुत्ताची कथा येथे आठवते. पोलासपूरचा हा धनाढ्य कुंभार आजीवक मताचा अनुयायी होता. जे घडते ते सारे नियतीने ठरलेले असते, प्रयत्नाला अर्थ नाही, अशी त्याची श्रद्धा. मडकी उन्हात वाळत घालत असता भगवान महावीरांनी त्याला विचारले की ही मडकी कशी झाली. माती भिजविली, राख-शेण मिसळून मळली, चाकावर चढविली, असे त्याने सांगितले. हे प्रयत्नाने झाले की प्रयत्नावाचून, असे विचारताच तो आपल्या मताला धरून प्रयत्नावाचून म्हणाला. मग भगवंतांनी विचारले की कोणी ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझ्या पत्नीशी, अग्निमित्रेशी, दुर्वर्तन केले तर तू काय करशील? आपण त्याला शासन करू, असे तो उसळून म्हणाला. सारे नियत असेल तर त्या माणसाने काहीच केलेले नाही. मग शासन कशासाठी? या प्रश्नाने सद्दालपुत्ताचे डोळे उघडले.

काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ या पाचांच्या समवायाने कार्य घडते, असे जैन विचार मानतो. यांतील पुरुषार्थ वगळून उरलेल्या चारांवर भार टाकणे हे श्रद्धेचे लक्षण नव्हे.

पाच पायऱ्या

पद्धतीच्या पायऱ्या पाच आहेत : दृष्टी सावरणे, समस्या नेमकी मांडणे, पर्याय काढणे, निवड करणे, आणि कृती करून पडताळा घेणे. त्या स्पष्ट व्हाव्यात म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

तालुक्याच्या गावातील एक कापड व्यापारी, वय 57. दुकान आजोबांच्या काळापासूनचे. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या वीस खेड्यांतील कुटुंबे पूर्वी येथे येत. आता ती जिल्ह्याच्या ठिकाणी जातात, आणि तरुण मुले मोबाईलवरच कपडे मागवितात. मुलगा पुण्यात नोकरीला. बँकेचे कर्ज, घाऊक व्यापाऱ्यांची देणी. गृहस्थ गल्ल्यावर बसतात, पण लक्ष नसते. घरात शब्दाला शब्द वाढतो. “सगळे संपले,” हे एकच वाक्य त्यांच्या मनात फिरत असते.

पहिली पायरी दृष्टीची. मन भडकलेले असता घेतलेला निर्णय बहुधा फसतो. म्हणून या पद्धतीत आधी थांबावे, गती मंद करावी, मग विचार करावा आणि नंतरच कृती करावी, असे शिकविले जाते. सामायिक करणाऱ्या श्रावकाला थांबणे म्हणजे काय, हे नव्याने सांगावे लागत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटे समतेत बसण्याचा ज्याचा सराव आहे, त्याची पहिली पायरी निम्मी चढून झाली आहे.

दुसरी पायरी समस्या मांडण्याची, आणि खरे कष्ट येथेच आहेत. “सगळे संपले” ही समस्या नव्हे. तो आक्रोश आहे. समस्या कागदावर आणि आकड्यांत उतरावी लागते. जो व्यापारी रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाचे दार ओढत नाही, त्याने स्वतःच्या संकटाची खतावणी मात्र कधी लिहिलेली नसते. आपल्या उदाहरणातील गृहस्थांनी ती लिहिली. दुकानात माल 18 लाखांचा, त्यापैकी 6 लाखांचा दोन वर्षांहून जुना. बँकेचे कर्ज 12 लाख, त्याचे व्याज महिन्याला सुमारे 11 हजार. घाऊक व्यापाऱ्यांचे देणे साडेतीन लाख, तेही दिवाळीपूर्वी द्यावयाचे. गिऱ्हाइकांकडे उधारी 4 लाख. दुकान आणि घर मिळून दरमहा तूट 14 हजार. एवढे लिहिल्यावर ‘सगळे’ नाहीसे झाले आणि दोन गोष्टी उरल्या : दिवाळीपर्यंतचे साडेतीन लाख आणि दरमहाचे चौदा हजार. त्या लहान नाहीत. पण त्यांना कडा आहेत. ज्याला कडा आहेत, ते उचलता येते.

ही मांडणी करताना वस्तुस्थिती आणि ग्रह यांची गल्लत होऊ देऊ नये. “मुलाला दुकानाची लाज वाटते,” असे त्यांनी लिहिले होते. मुलाने तसे कधी म्हटले होते काय? नाही. तो फक्त सहा महिन्यांत दुकानाविषयी काही बोलला नव्हता. आणि वडिलांनीही त्याला काही सांगितले नव्हते.

तिसरी पायरी पर्यायांची. येथे नियम असा की सुचेल तो प्रत्येक मार्ग लिहावा आणि लिहीत असता त्याला नावे ठेवू नयेत. त्रस्त मनाला एक तर एकच मार्ग दिसतो किंवा एकही दिसत नाही. एकच बाजू संपूर्ण सत्य मानणे म्हणजे एकांत. अनेकांत हा तत्त्वज्ञानाचा गहन सिद्धांत आहे, त्याला व्यवहारातील युक्तीच्या पातळीवर आणणे उचित नाही. परंतु एकाच बाजूचा आग्रह न धरण्याचे जे वळण तो मनाला लावतो, ते येथे उपयोगी पडते. गृहस्थांच्या यादीत दहा पर्याय आले : जुना माल खरेदीच्या भावात काढणे, उधारीची यादी करून वसुली, माडी भाड्याने देणे, बँकेच्या व्यवस्थापकाला स्वतः होऊन भेटणे, घाऊक व्यापाऱ्याकडे हप्ते मागणे, शाळेचे गणवेश ठेवणे, सावकाराकडून रक्कम घेणे, पत्नीचे दागिने गहाण ठेवणे, दुकान विकणे, आणि शेवटचा, घरात सारे सांगणे.

चौथी पायरी निवडीची. प्रत्येक पर्यायाला चार प्रश्न विचारावयाचे. याने अडचण सुटेल काय? हे आपल्याला जमेल काय? आपल्यावर आणि घरच्यांवर याचा काय परिणाम होईल? आज काय होईल आणि वर्षाने काय होईल? सावकाराचा पर्याय ‘आज’च्या रकान्यात उत्तम ठरला आणि ‘वर्षाने’च्या रकान्यात सर्वांत वाईट. घरात सांगण्याचा पर्याय सर्वांत अवघड वाटला, परंतु त्याला एक रुपयाही लागत नव्हता. शेवटी चार गोष्टी ठरल्या : घरात सांगणे, जुना माल काढणे, माडी भाड्याने देणे आणि घाऊक व्यापाऱ्याशी हप्त्यांचे बोलणे.

पाचवी पायरी कृती आणि पडताळा. काय करावयाचे, कोणत्या दिवशी, कोणी, हे लिहावयाचे. तीन महिन्यांनी हिशेब पाहिला तेव्हा जुन्या मालातून अडीच लाख आले, माडीला शिकवणी वर्गाचे 6 हजार भाडे सुरू झाले, घाऊक व्यापाऱ्याने उरलेल्या लाखासाठी मार्चपर्यंत मुदत दिली. तूट 8 हजारांवर आली, संपली नाही. म्हणजे पुन्हा दुसऱ्या पायरीवर जावयाचे. पडताळ्यात अपेक्षित फळ मिळाले नाही, तर ती व्यक्ती अपयशी ठरत नाही. तो उपाय अपुरा ठरतो. प्रतिक्रमणात श्रावक दिवसाचे, पक्षाचे, वर्षाचे आचरण मागे वळून पाहतो, दोष मान्य करतो आणि पुढे चालू लागतो. तो स्वतःला झोडपत बसत नाही. पडताळ्याची वृत्ती अशीच असावी.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात बदलली होती. पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, एवढे दिवस एकट्यानेच वाहिलेत?” आणि मुलाने माडीची जाहिरात स्वतः लिहून दिली. कर्ज तेवढेच होते. ते वाहणारे खांदे तीन झाले.

जे बदलत नाही त्याचे काय?

पुत्रवियोग, पतिवियोग, असाध्य व्याधी ही दुःखे कागदावर मांडून सुटत नाहीत. या पद्धतीच्या प्रवर्तकांनीही हे मान्य केले आहे. परिस्थिती बदलता येत असेल तर परिस्थितीचे ध्येय ठेवावे. ती बदलणे शक्य नसेल तर तिच्यासह जगण्याचे, मनाचा क्षोभ उतरविण्याचे ध्येय ठेवावे, असे ते सांगतात. अनित्य, अशरण, संसार, एकत्व या अनुप्रेक्षांचे स्थान येथे आहे. अट एवढीच की जे बदलता येते त्यावर अनुप्रेक्षेचे पांघरूण घालू नये आणि जे बदलत नाही त्याच्याशी झुंजत बसू नये. विधवा झालेल्या भगिनीचे दुःख समतेने सोसावयाचे आहे. पण पतीच्या नावावरील विमा, घराची कागदपत्रे, मुलीची शाळेची फी या सोडविण्याच्या समस्या आहेत. सांत्वनाला येणारे शंभर असतात. कागदपत्रांसाठी तिच्यासोबत तहसील कार्यालयात जाणारा एक असला, तर तिचा अर्धा ताण उतरतो.

अनुभव काय सांगतो?

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड परिसरातील दवाखान्यांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 1995 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याच्या रुग्णांना बारा आठवड्यांत समस्या-निराकरणाच्या सहा बैठकी दिल्या असता, त्यांचा गुण अमिट्रिप्टिलिन या प्रचलित औषधाच्या तोडीचा दिसून आला.

त्याहून उद्बोधक कहाणी आफ्रिकेतील झिंबाब्वेची आहे. तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण, बसभाड्याला पैसे नसल्याने रुग्णालयापर्यंत पोहोचू शकली नाही आणि तिने जीवन संपविले. माणसे दवाखान्यापर्यंत येऊ शकत नसतील तर उपचार त्यांच्या वस्तीत गेला पाहिजे, या जाणिवेने त्यांनी 2006 मध्ये हरारे शहरात चौदा आज्यांना हाताशी धरून काम सुरू केले. दवाखान्याबाहेर झाडाखाली एक लाकडी बाक. त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी. शेजारी त्रस्त माणूस. आजी ऐकून घेते, अडचणींची यादी करविते, त्यांतील एक निवडायला सांगते आणि तिच्यावरचा उपाय त्याच्याच तोंडून काढून घेते. तेथील शोना भाषेत या विकाराला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. त्याचा अर्थ अतिविचार करणे. आर्तध्यानाला आफ्रिकेतही नाव आहे. 24 दवाखान्यांत 573 जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर, बाकावर बसलेल्यांची लक्षणे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली आढळली.

भारतातही असे प्रयत्न झाले. दिल्लीतील सहा सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘समस्या, पर्याय, कृती’ अशा तीन पावलांची पद्धत वापरली गेली. ज्यांना पुस्तिकेसोबत समुपदेशकही लाभला, त्यांच्या अडचणींची तीव्रता केवळ पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा अधिक उतरली, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मानसिक लक्षणांत मात्र सहा आठवड्यांत दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. पद्धत जादू नव्हे, हेही यावरून लक्षात यावे. आपल्या महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील 41 गावांत 2013 ते 2015 या काळात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम झाला. गावातीलच स्त्री-पुरुषांना ऐकून घेण्याचे आणि अडचण सोडविण्यास साहाय्य करण्याचे शिक्षण त्यात दिले गेले.

यांतील झिंबाब्वे आणि भारतातील प्रयत्नांत एक समान धागा आहे. मदत करणारी माणसे मोठ्या पदव्यांची नव्हती. ती जवळची होती, शिकविलेली होती, आणि ऐकलेले बाहेर न बोलणारी होती.

मर्यादा आणि कर्तव्य

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. तीव्र नैराश्य, भ्रम, व्यसन, अथवा जीव नकोसा झाल्याची भाषा ही लक्षणे दिसली तर केवळ समस्येची यादी करून भागत नाही. तेथे मनोविकारतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे. औषध घेणे हा श्रद्धेचा पराभव नाही. भारत सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेला असावा.

परंतु त्या टोकाला पोहोचण्यापूर्वीची वाट लांब असते आणि त्या वाटेवर समाजाला पुष्कळ करता येते. धर्मशाळेतील एक खोली आठवड्यातून एक सायंकाळ यासाठी राखून ठेवता येईल. निवृत्त शिक्षक, बँकेतील अनुभवी अधिकारी, समंजस ज्येष्ठ श्राविका अशा चार-सहा जणांना तज्ज्ञांकडून रीतसर शिक्षण देता येईल. तेथे उपदेश होऊ नये. प्रश्न विचारले जावेत, आणि उत्तर त्रस्त माणसालाच सापडू द्यावे. तेथील एक शब्दही बाहेर जाऊ नये, हा नियम सर्वांत आधी हवा. दुसऱ्याचे गुपित उघड करणे हा सत्याणुव्रताचा अतिचार मानला आहे, हे अशा कार्यकर्त्याला वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

अहिंसा हा आपला परम धर्म. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जमिनीकडे पाहून चालणाऱ्या समाजाने शेजारच्या पाटावर जेवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडेही पाहावे. पुढील पन्नास वर्षांच्या हिशेबात इमारतींच्या जोडीला आणखी एक नोंद यावी : या गावात कोणाही श्रावकाला आपले संकट एकट्याने मोजत रात्र काढावी लागली नाही.

जयजिनेंद्र.